भाड्याच्या घरांतील न्हाणीघर

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलें असेल. दिवाणखान्याची सजावट, स्वयंपाकघराची मांडणी, यांविषयीं बोलणारे पुष्कळ. पण घराच्या मागल्या कोपऱ्यांत ढकललेल्या न्हाणीघराविषयीं, आणि तेंही दुसऱ्याच्या मालकीच्या न्हाणीघराविषयीं, कोणी पंधरा मिनिटें बोलावें हें कांहींसें चमत्कारिक वाटेल. तथापि थोडा विचार करा. वृद्ध माणसाचा पाय जेथें घसरतो, ओल्या अंगाला विजेचा धक्का जेथें विशेष घातक ठरतो, आणि बंद दारामागें मदतीची हांकही जेथून बाहेर ऐकूं येत नाहीं, अशी घरांतली जागा हीच. म्हणून न्हाणीघर सुधारणें हा हौसेचा प्रश्न नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हौस त्याच्या मागून येते.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर हा धडा मला उशिरा मिळाला. नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतां अहिल्यानगरच्या सावेडी भागांत दोन खोल्या भाड्यानें घेऊन राहिलों. न्हाणीघर तुम्ही सर्वांनीं पाहिलें असेल तसेंच : पांच फूट लांब, चार फूट रुंद, खालीं शहाबादी फरशी, भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, वर चुना, एक गळकी तोटी, एक मिणमिणता दिवा आणि छताजवळ एक झरोका. पहिल्याच पावसाळ्यांत आमच्या सौभाग्यवतींचा पाय घसरला व मनगटाचें हाड मोडलें. मी मालकांवर रागावलों. मालक म्हणाले कीं इतक्या वर्षांत असें कधीं झालें नव्हतें. परंतु कोणाला दोष देऊन हाड सांधत नाहीं. प्लास्टर सुटेपर्यंतच्या सहा आठवड्यांत मीं जें वाचलें, विचारलें आणि स्वतःच्या हातानें करून पाहिलें, त्याचा हा गोषवारा आहे.

आमचें नगर हें पाण्याच्या बाबतींत एके काळीं मोठें शहाणें शहर होतें. सन १४९० मध्यें अहमद निजामशहानें हें शहर वसविल्यानंतर निजामशाहींत कापूरवाडीसारख्या आसपासच्या गांवांतून जमिनीखालून खापरी नळ घालून शहरांत पाणी खेळविण्यांत आलें. त्या नळांना पंप नव्हता, वीज नव्हती. सारें काम उताराच्या हिशेबावर चाले. सन १५८३ मध्यें पूर्ण झालेला फराहबक्ष महाल तर चहूंकडून तळ्याच्या पाण्यांत उभा होता. त्या कारागिरांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या : पाण्याला जाण्याची वाट द्यावी, आणि भिंतीला कोरडें होण्याची संधि द्यावी. आज मुळा धरणाचें पाणी नळानें आपल्या घरांत येतें, शहराचें नांवही सन २०२४ मध्यें पालटलें. पण न्हाणीघराचे नियम मात्र तेच आहेत. पुढें मी जें सांगणार आहें तें बहुतेक या दोन नियमांचाच विस्तार समजावा.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं, कारण भाडेकरूचा हात तेथेंच अडखळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आहे. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. भाडेकरूनें लेखी सूचना देऊन निदान पंधरा दिवसांची वाजवी मुदत दिली, आणि तरीही मालकानें दुर्लक्ष केलें, तर भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यांतून वळता करून घेतां येतो. मात्र एका वर्षांत त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक रक्कम कापतां येत नाहीं. म्हणजे महिना ६,००० रुपये भाडें असेल तर वर्षाचें ७२,००० होतें, व कपातीची मर्यादा १८,००० होते. उलट बाजूस १६ वें कलम सांगतें कीं मालकाच्या लेखी संमतीवांचून कायमचें बांधकाम केल्यास भाडेकरूवर जागा सोडण्याची पाळी येऊं शकते. परंतु हवेसाठीं आवश्यक अशी खिडकी किंवा हवा बाहेर टाकण्याची सोय ही, जरूर तेथें महानगरपालिकेची परवानगी घेऊन केल्यास, कायमच्या बांधकामांत धरली जात नाहीं. येथें एक इशारा दिला पाहिजे. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर जे राहतात ते कायद्याच्या भाषेंत भाडेकरू नसून परवानाधारक असतात. त्यांनीं आपल्या कराराच्या अटी आधीं वाचाव्या.

कायदा ठाऊक असावा, पण तो मालकाच्या तोंडावर फेकूं नये. मीं एक साधें पत्र लिहिलें. न्हाणीघराचीं छायाचित्रें काढून त्यावर तारीख घातली, काय बिघडलें आहे, काय करावयाचें आहे, त्याला अदमासें किती खर्च येईल आणि घर सोडतांना कोणत्या वस्तु आम्ही घेऊन जाऊं, हें सर्व एका पानांत मांडलें व मालकांची त्यावर सही घेतली. ज्या गृहस्थाशीं महिनाभर वाद झाला होता त्याच गृहस्थानें चहा पाजून सही दिली. तोंडी मागणी ही तक्रार वाटते; कागदावरची यादी ही योजना वाटते.

आतां प्रत्यक्ष काम. पहिलें काम खर्चाचें नाहीं, श्रमाचें आहे; तें म्हणजे सफाई. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळांतून येणारें कूपनलिकेचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें, म्हणजे त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरमध्यें २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा इष्ट मानला आहे, आणि दुसरा उपाय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असें म्हटलें आहे. असें पाणी वाळलें कीं मागें पांढरा थर राहतो; अंगाच्या साबणाशीं त्याचा संयोग झाला कीं फेंसाऐवजीं चिकट साका तयार होतो. हा साका फरशीवर बसला म्हणजे तिच्यावर जणूं मेणच लागतें. आमच्या घरांतील अपघाताचें मूळ हेंच होतें. फरशी गुळगुळीत नव्हती, तिच्यावरचा साका गुळगुळीत होता.

या थरावर बाजारांत मिळणारें तीव्र ॲसिड ओतण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. ती सोडावी. शहाबादी फरशी ही कर्नाटकांतील शहाबादच्या बाजूची चुनखडीची फरशी. आणि चुनखडी ॲसिडांत विरघळते. एका कोपऱ्यांत लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाहा : बारीक बुडबुडे येतील किंवा निदान निस्तेज डाग उरेल. जें लिंबू हळूहळू करतें तें ॲसिड क्षणांत करतें. थर जातो, पण त्याबरोबर दगडाचें अंगही जातें, फरशी सच्छिद्र होते, आणि पुढचा मळ अधिकच घट्ट धरून बसते. फरशांच्या दरजांतील सिमेंटचीही तीच गति होते. म्हणून शहाबादी फरशीसाठीं ऊन पाण्यांत धुण्याचा सोडा घालून तें पाणी अर्धा तास फरशीवर ठेवावें, हातांत रबरी मोजे घालावे व काथ्याच्या ब्रशानें घासावें. साका सुटून येतो. तोटीवरच्या पांढऱ्या थरास मात्र लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालतें. त्यांत फडकें भिजवून तोटीला अर्धा तास गुंडाळावें व मग स्वच्छ धुवावें, पण तो रस खालच्या शहाबादीवर ठिबकूं देऊं नये. आणि एक गोष्ट कधींही करूं नये : ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि चार फुटांच्या बंद जागेंत तो फुप्फुसांस अपाय करतो.

दुसरें काम तोटीचें. गळक्या तोटीकडे आपण दुर्लक्ष करतों, कारण एक थेंब तो काय! शाळेंतल्या मुलांना मी हेंच गणित घालीत असें. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे ४ लिटर ३२० मिलिलिटर. महिन्याचे जवळजवळ १३० लिटर. शहरांत माणशीं दररोज १३५ लिटर पाणी द्यावें असा आपल्या देशांतील नियोजनाचा दंडक आहे. तेव्हां एक गळकी तोटी महिन्याकांठीं एका माणसाचें एका दिवसाचें पाणी पिऊन टाकते, आणि वर फरशी सदा ओली ठेवते ती निराळीच. जुन्या पद्धतीच्या तोटींत बहुधा आंतला रबरी वायसर झिजलेला असतो. वरची मुख्य चावी बंद करून तोटी उघडावी, वायसर बदलावा, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून तोटी पुन्हा बसवावी. अर्ध्या तासाचें काम आहे.

तिसरें काम पाण्याच्या वाटेचें. फरशीवर एक तांब्या पाणी ओता व पाहा. दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार असेल तर पाणी आपण होऊन जाळीकडे धांवतें. कोठें डबकें राहिलें तर ती जागा खडूनें आखून ठेवावी. तेथेंच शेवाळ धरतें आणि तेथेंच पाय घसरतो. साऱ्या फरशीचा उतार बदलणें हें मालकाचें काम आहे, भाडेकरूचें नव्हे. पण रोज आंघोळीनंतर रबरी पट्टीच्या झाडूनें तेवढें पाणी ओढून काढणें आपल्या हातीं आहे. जाळीखालीं जो वांकडा भाग असतो त्यांत नेहमीं थोडें पाणी साठून राहावें अशी योजना असते. तें पाणी म्हणजे दारच आहे; गटारांतील दुर्गंधि व झुरळें त्यामुळें वर येत नाहींत. घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलें कीं तें पाणी वाळतें व परगांवाहून आल्यावर घरभर घाण येते. आपण फिनेल ओततों. वस्तुतः एक तांब्या साधें पाणी पुरतें. जाळी तुटकी असेल तर नवी घालावी, आणि आठवड्यांतून एकदां तींतले केंस काढावे.

फरशांच्या दरजा हें चौथें काम. त्या रिकाम्या झाल्या कीं पाणी भिंतींत मुरतें व पलीकडच्या खोलींत लोणा फुटतो. जुना भुसभुशीत माल अणकुचीदार खरवडणीनें काढावा, दरज पाण्यानें किंचित् ओलसर करावी व तयार मिळणारी भुकटी पाण्यांत कालवून बोटानें दाबून भरावी. एक दिवस न्हाणीघर वापरूं नये. त्यानंतर दोन दिवस दरजांवर हलका पाण्याचा हात फिरवावा. कारण सिमेंट हें वाळून कठीण होत नाहीं, पाण्याशीं संयोग पावून कठीण होतें. बांधकामावर मजूर ओल्या भिंतीवर पाणी कां मारतात, याचें उत्तर यांत आहे.

पांचवें काम भिंतींचें. ओल्या भिंतीला चकचकीत तेलरंग देण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु आंतली ओल बाहेर पडूं न शकल्यामुळें वर्षभरांत त्याचे पापुद्रे निघतात. आधीं ओल येण्याचें कारण बंद करावें, भिंत वाळूं द्यावी, व फरशांच्या वरच्या भागास साधा चुना द्यावा. विरवलेला चुना हवेंतील कार्बन वायु घेऊन पुन्हा चुनखडीच बनतो. त्यांतून भिंतीचा ओलावा बाहेर पडूं शकतो, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळें बुरशीला सहजासहजीं थारा मिळत नाहीं. चुन्यांत थोडा डिंक घातला म्हणजे तो अंगाला लागत नाहीं. दोन पातळ हात द्यावे. एक जाड हात देऊं नये. चुना डोळ्यांत जाणार नाहीं याची काळजी घ्यावी. पूर्वीं रंग दिलेला असेल तर तो खरवडून काढल्यावांचून चुना धरत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. पांढऱ्या भिंतीचा आणखी एक लाभ असा कीं ती प्रकाश परत फेंकते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, आणि आमच्या न्हाणीघरांत फरशीवरचा साबणाचा तुकडा चष्म्यावांचून दिसूं लागला.

आतां हवा, आणि हा भाग मी विशेष आग्रहानें सांगतों. झरोक्याच्या कांचेच्या जागीं लहान पंखा बसविला तर वाफ बाहेर जाते. भिंत फोडावी लागत नाहीं. मात्र दाराखालीं इंचभर फट असावी. आंत हवा येण्यास वाट नसेल तर पंखा बिचारा बाहेर काय टाकणार? परंतु पंखा आहे म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघरांत लावूं नये. गॅस जळतांना प्राणवायु अपुरा पडला कीं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट जोरानें चिकटतो. डोकें जड होतें, चक्कर येते, मळमळतें. माणूस दाराची कडी काढण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. आपल्या आजोबांचा तांब्याचा बंब अंगणांत किंवा मागल्या पडवींत असे, तो केवळ धुरासाठीं नव्हे. गॅसचा गीझर मोकळ्या सज्जांत असावा व आंत केवळ पाण्याचा नळ यावा. तुमच्या भाड्याच्या घरांत तो आंत असेल, तर इतर सर्व सुधारणा बाजूस ठेवून आधीं तो हलविण्याविषयीं मालकांशीं बोला.

विजेचा गीझर असेल तर त्याचें बटण न्हाणीघराबाहेर असावें व त्यास अर्थिंग आहे कीं नाहीं हें जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. बादलींत सोडण्याचा रॉड वापरीत असाल तर बटण बंद करून पिन काढल्यावांचून पाण्याला बोटही लावूं नये. मुख्य फळ्यावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसविला तर गळणारा प्रवाह ओळखून तो निमिषार्धांत वीज तोडतो. ही वस्तु घराची आहे, तेव्हां ती मालकांनीं बसवावी. आमच्या मालकांनीं ती बसविली.

पाय घसरूं नये म्हणून आम्हीं दोन गोष्टी केल्या. भोकें असलेली रबरी चटई घातली. ती रोज उभी करून वाळवावी लागते, नाहीं तर तिच्याखालींच शेवाळ धरतें. आणि आंघोळीच्या जागेपाशीं भिंतींत पोलादी दांडा बसविला. हवेच्या दाबानें चिकटणारे दांडे भोंक न पाडतां बसतात, म्हणून भाडेकरूला सोयीचे वाटतात. पण पडणाऱ्या माणसाचा भार त्यांच्यावर सोडूं नये. दांडा पक्क्या विटेंत किंवा काँक्रीटमध्यें खुंट्या ठोकूनच बसवावा, पोकळ गिलाव्यांत नव्हे. त्यासाठीं चार भोकें पडतात. ती मालकांच्या लेखी संमतीनें पाडलीं. याच्या जोडीला बसून आंघोळ करण्यास एक जड बुडाचें स्टूल ठेवलें, जें घरांतच होतें. पूर्वीं पाटावर बसून आंघोळ करीत असत, त्यांतही शहाणपण होतें.

ज्या भागांत नळाचें पाणी रोज येत नाहीं तेथें पिंप भरून ठेवणें प्राप्तच आहे. पिंपाला घट्ट झांकण असावें व आठवड्यांतून एकदां तें रिकामें करून आंतून घासावें. डेंग्यूचा डास स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एकदां घासलें कीं तो क्रम मध्येंच तुटतो. नुसतें पाणी ओतून उपयोग नाहीं. अंडीं कडेला चिकटलेलीं असतात.

शेवटीं हिशेब, कारण शिक्षकाला तो दिल्यावांचून चैन पडत नाहीं. पंखा १,२५०, दांडा ५५०, चटई ३८०, साबण-कपडे ठेवण्याची मांडणी ३५०, दरजांची भुकटी १८०, चुना व डिंक १५०, जाळी १४०, कुंचला व खरवडणी १३०, दिवा ११०, वायसर व टेप ६०, आणि वायरमनची मजुरी ४००. एकूण ३,७०० रुपये. पंखा, दांडा व मजुरी यांचे २,२०० रुपये मालकांनीं भाड्यांतून वळते करून दिले. उरलेल्या १,५०० पैकीं चटई, दिवा व मांडणी या ८४० रुपयांच्या वस्तु उद्यां घर सोडलें तरी आमच्याबरोबर येतील. म्हणजे परक्याच्या भिंतींत आम्हीं घातले ते ६६० रुपये. मनगटाच्या हाडाला याहून कितीतरी अधिक लागले होते.

कांहीं स्नेही विचारतात, “मास्तर, दुसऱ्याच्या घरावर इतका जीव कां लावतां?” घर दुसऱ्याचें आहे हें खरें. परंतु त्या फरशीवर रोज सकाळीं पाऊल पडतें तें आपल्या माणसाचें. आमच्या घरीं मनगट बरें झाल्यावरही कित्येक दिवस आंघोळीस जातांना दाराशीं कोणीतरी उभें राहावें असा आग्रह होता; मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर खुर्चीवर बसत असें. दांडा बसल्यावर पंधरा दिवसांनीं आंतूनच आवाज आला, “आतां बसूं नका, चहा ठेवा.” तेव्हां न्हाणीघराची सुधारणा पुरी झाली असें मीं समजलों.

श्रोतेहो, उद्यां सकाळीं आपल्या न्हाणीघरांत शिरतांना दारांतच क्षणभर थांबा आणि चार गोष्टी पाहा : पाणी कोठें साठतें, हवा कोठून येते, विजेचें बटण कोठें आहे, आणि तोल गेला तर हात कशाला धरील. या चार प्रश्नांची उत्तरें मिळालीं कीं पुढची यादी तुमची तुम्हीच कराल.